चाचीच्या खिडकीतली वायर

नाशिकच्या माझ्या आत्ताच्या फ्लॅटमध्ये नेट कधी जात नाही. शेजाऱ्यांना त्याचं कौतुक आहे. मला नाही, आणि का नाही हे विचारायला कुणी येत नाही.

जव्हारला मी शिक्षिका होते. आधी काही वर्षं खोडाळ्याला, मग बदली होऊन जव्हारला. फार दिवस एकटं राहिलं की माणसाची जीभ कडू होते. माझी झाली होती. वर्गात मुलं मला घाबरायची आणि स्टाफरूममध्ये मोठी माणसंही. शनिवारी शाळा सुटली की सगळा स्टाफ पिशव्या घेऊन एसटी डेपोकडे पळायचा, कुणी नाशिकला, कुणी ठाण्याला. मला पळायला गाव नव्हतं. आईवडील गेल्यावर भावाच्या घरी पाहुणी म्हणून जाणं मला कधी जमलं नाही. मग मी वरच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसायचे.

घर एका मुस्लिम कुटुंबाचं. पत्र्याच्या पेट्या आणि बादल्यांचं त्यांचं दुकान. खाली चाचा आणि चाची, वर मी भाडेकरू. त्यांचा मुलगा भिवंडीला कामाला गेला आणि त्यानं हौसेनं घेतलेलं ब्रॉडबँड मागे राहिलं. ते मी वापरायचं असं ठरलं. राउटरला आम्ही सगळे डबा म्हणायचो. डबा त्यांच्या मधल्या खोलीत. तिथून एक निळी वायर चाचीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर पडायची आणि भिंतीवरून चढत माझ्या खिडकीत यायची.

नेट हमखास संध्याकाळी जायचं. मी शाळेतून येऊन जरा टेकले, नेटवर एखादा पेपर उघडला, की गेलंच. मी करवादत खाली जायचे. चाची म्हणायची, "पिन सैल झाली असंल बाई. बसा, बघते." पिन बघायच्या आधी चहा व्हायचा. मग तिचे गुडघे, भिवंडीची सून, आमचे हेडमास्तर. मी म्हणायचे, या नेटपायी माझं अर्धं आयुष्य तुमच्या स्वयंपाकघरात जाणार. वर येताना मला बरं वाटत असायचं, पण ते बोलून दाखवायची मला सवय नव्हती.

एका पावसाळ्यात उंदरांनी वायर कुरतडली. नवी आणली, तीही कुरतडली. जव्हारच्या उंदरांना निळा रंग आवडत असावा. शाळेतला क्लार्क म्हणाला, "मॅडम, वायरलेस घ्या. डब्याला शेपटी आहे ना, अँटेनाची, मग चालेल." स्टाफमधल्या एका जुन्या गुरुजींना वाटलं, पोलिसांकडे असतो तसला वायरलेस मी घेते आहे. परवानगी लागेल, असं त्यांनी गंभीरपणे बजावलं.

रविवारी नाशिकला गेले. दुकानदारानं कॉम्प्युटरला वायरीशिवाय नेट पकडून देणारे तीन प्रकार पुढे ठेवले. एक कार्ड, कॅबिनेट उघडून आत बसवायचं. एक नखाएवढी काडी, मागे खोचायची. आणि एक जरा मोठं, छोटी अँटेना असलेलं, हातभर वायरीवर टेबलावर ठेवता येणारं.

"डबा आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये काय आहे?" त्यानं विचारलं.

"चाचीचं स्वयंपाकघर."

तो हसला नाही. भिंत कशाची म्हणाला. मी सांगितलं, जुनी, दगडी, आणि वर लाकडी तक्तपोशी. मग त्यानं कार्ड बाजूला सारलं. कॅबिनेट भिंतीला टेकलेलं, म्हणजे एकीकडे लोखंड आणि एकीकडे दगड, सिग्नल येणार कुठून? काडीचीही तीच गत. तिसरं घ्या आणि खिडकीपाशी ठेवा, म्हणाला. तरी मी ते तिन्ही कितीतरी वेळ उलटून पालटून बघत राहिले. मला बघायला आलेल्यांनीसुद्धा कधी इतका वेळ घेतला नव्हता. शेवटी तिसरंच घेतलं.

घरी येऊन जोडलं. पासवर्ड भिवंडीच्या मुलानं फोनवर सांगितला. यादीत एकच नेटवर्क आलं, खालचं, आणि चांगलं जोरात. मला इतका आनंद झाला की मी लगेच जुनी वायर वर ओढून घ्यायला लागले. मध्येच तिचं टोक कुठंतरी अडकलं. खालून कुणीतरी सोडवलं. वायर गुंडाळून मी कपाटावर टाकली.

त्यानंतर नेट गेलं नाही. मी मनसोक्त पेपर वाचले. आठवडा गेल्यावर लक्षात आलं की खालून हाकही आलेली नाही. पाणी आलं की चाची ओरडून सांगायची, ते आता चाचा सांगत, तेही जिन्यातूनच. चाचीच्या खिडकीत वायरसाठी ठेवलेल्या भोकात कापडाचा बोळा कोंबलेला होता. माझं काय चुकलं ते मला कळेना. खाली जायला काही कारण लागतं, आणि माझं कारण कपाटावर पडलं होतं. खोडाळ्याला तर अर्धा दिवस वीज नसायची, पण तिथंही मला इतकं एकटं वाटलं नव्हतं. नेट चालू आणि त्याच्यापुढे मी गप्प बसलेली.

शेवटी कडू जीभच कामी आली. एका संध्याकाळी तडतडत खाली गेले आणि म्हटलं, "चाची, मी काय घोडं मारलंय तुमचं?"

ती भाकरी थापत होती. "तुमी कशाला मारताय बाई. तुमी वेगळी चूल मांडली."

"कसली चूल?"

"नाशिकहून सोताचं नेट आणलं. आमचं नको झालं, वायर वडून नेली. सांगायचं तरी. अडकलेली ती मीच सोडवली."

मी तिला हाताला धरून मधल्या खोलीत नेलं. डब्याचा हिरवा दिवा दाखवला. "नेट इथूनच येतं. तुमच्याच डब्यातून. वायर तेवढी नाही."

तिनं डब्याकडे बघितलं, मग वर तक्तपोशीकडे. "हितून जातं? माझ्या शेगडीवरून?"

"रोज."

ती डब्याजवळ सरकली. मग पिठाचं बोट बटणाजवळ नेऊन म्हणाली, "म्हंजे हे मी बंद केलं, तर तुमचं बंद पडंल? पिन नाय काढली तरी?"

"पिन कोण काढतं?" मी विचारलं.

चाची चहाचं आधण ठेवायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येऊन कॉम्प्युटर लावला. थोड्या वेळानं यादीतलं ते एकुलतं एक नाव गेलं. मी लगेच उठले नाही. खालून कपबश्यांचा आवाज येईपर्यंत थांबले, नाहीतर तिला वाटलं असतं, मी वाटच बघत होते.