तिनं आईचा चेहरा धरला

शिक्षकांच्या खोलीत पेपर तपासत बसले होते, तेव्हा सुजाताचा फोन आला. सुजाता म्हणजे विशाखाअक्काची धाकटी बहीण. एरवी ती आधी माझ्या मुलांची चौकशी करते, कलबुर्गीत ऊन किती आहे ते विचारते. त्या दिवशी एवढंच म्हणाली, "ताई, अक्का गेली... सकाळी. डायलिसिसला न्यायच्या आधीच." मी "बरं" म्हणाले. बरं का म्हणाले, मलाच कळलं नाही. त्यानंतर तपासलेल्या पेपरात एका मुलीच्या एकाच उत्तराला मी दोनदा गुण दिले होते. तिनंच ते प्रामाणिकपणे आणून दाखवलं, तेव्हा कुठं मला रडू आलं.

या गोष्टीला आता पाच आठवडे झाले.

विशाखाअक्का बिदरला लग्नाचे फोटो काढायची. मूळ गाव हुमनाबादकडचं निर्णा. शिक्षण झाल्यावर बिदरजवळच्या कोळारच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली आणि सुट्टीच्या दिवशी नात्यातल्या लग्नांत हौसेनं कॅमेरा घेऊन फिरायला लागली. त्यांच्या बौद्ध समाजात नवरी पांढरी साडी नेसते. फ्लॅश मारला की त्या साडीचे काठ, चुण्या, सगळं पुसून जायचं, आणि चेहराही चुना लावल्यासारखा पांढराफटक यायचा. "पोरगी जन्मात एकदा एवढी नटती, अन् फोटोत भिंतीगत दिसती," असं ती म्हणायची. या एका कारणासाठी तिनं हैदराबादहून पन्नास एमएमची एक वापरलेली लेन्स आणली. या लेन्सला झूम नसतो. जवळचं हवं तर आपण पुढं जायचं, सगळं हवं तर आपण मागं सरकायचं. पण तिचं तोंड मोठं असतं, त्यामुळं खोलीतल्या थोडक्या उजेडातही ती चेहरा टिपते आणि फ्लॅशचं काम पडत नाही. पुढं पंच्याऐंशीची आणखी एक आली. या दोन लेन्सच्या भरवशावर तिनं कारखाना सोडला. बाईनं लग्नाचे फोटो काढणं आमच्या भागात तेव्हा कुणी पाहिलेलंही नव्हतं. वरातीतली माणसं तिलाच बघत राहायची.

माझं लग्न माहेरी, आळंदकडच्या खजुरीला, घरासमोर मांडव घालून झालं. माझ्या शाळेतल्या एका बाईंनी अक्काचं नाव सुचवलं होतं. माझे वडील मी नऊ वर्षांची असताना गेले. आईनं शेत सांभाळून मला शिकवलं, नोकरीला लावलं, स्थळही तिनंच पाहिलं. पण लग्नाच्या दिवशी सकाळपासून ती कुठं दिसेना. तसं सगळ्यांना माहीत होतं ती कुठं आहे. विधवेनं मांडवात पुढं येऊ नये, एवढी साधी गोष्ट कुणी बोलून दाखवत नव्हतं, इतकंच. कन्यादान काका-काकूच करणार होते. मीही काही बोलले नव्हते, हे इथं लिहायलाच हवं.

अक्का बायकांचे फोटो काढत होती. मधेच थांबून तिनं काकूला विचारलं, "नवरीची आई कुठाय?"

"त्यांचं न्हाई काही. तुमी हितले काढा."

"कामून न्हाई?"

काकूनं पदर सारखा केला. "त्या मांडवात येत न्हाईत."

अक्का वाद घालायच्या फंदात पडली नाही. माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "तुला भेटायचंय का आईला?"

एवढ्या दिवसांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "व्हय."

आई धान्याच्या खोलीत होती. त्या खोलीला खिडकी नाही, माळवदाच्या छतात एक सवणं आहे, त्यातून हातभर उजेड खाली पडतो. त्या उजेडात आई सुपातली डाळ निवडत बसली होती. ती डाळ आदल्या दिवशीच निवडून झालेली होती. मला बघून म्हणाली, "आत कशाला आलीस? साडी मळंल." मी तिच्यापाशी बसले. तिनं डाळीचे हात पदराला पुसले आणि माझ्या गालाला लावले. "अक्षता टाकाय आले न्हाई म्हून राग धरू नको, बाई. मी हितनंच टाकीन..." पुढं काय बोललो ते आमचं आम्हाला ठेवते. अक्का दाराशी टेकून उभी होती. कॅमेऱ्याचा आवाज दोन-तीनदा आला, मग मी तिला विसरून गेले.

महिन्याभरानं अल्बम सासरी आला. त्यात त्या खोलीतला एक फोटो पूर्ण पानभर लावलेला होता. आईचा चेहरा इतका स्वच्छ आला होता की कपाळावरचं पुसट गोंदण, बोटाला चिकटलेलं डाळीचं टरफल, डोळ्यात अडवून धरलेलं पाणी, सगळं दिसत होतं. आणि तिच्यासमोर मी. बाशिंग बांधलेली, दागिने घातलेली, आणि पाण्यात विरघळल्यासारखी धूसर. सासूबाई म्हणाल्या, "नवरीच पुसट? ह्याला फोटो म्हनत्यात व्हय? हे पान काढून दुसरं लावायला सांगा." आणि खरं सांगू? मलाही राग आला होता. माझ्याच लग्नात मी धूसर!

पुढच्या रविवारी एकटीच बिदरला गेले. अक्का घरीच होती. तिनं चहा ठेवला, अल्बमचं ते पान उघडलं आणि कुठलीही सबब न सांगता म्हणाली, "चुकून न्हाई आलं हे. उजेड लई थोडा हुता. लेन्स पुरी उघडली की एकच चेहरा धरता येतो, त्याच्या वीतभर पुढंमागं सगळं विरतं. मी आईचा धरला."

"पण लग्न माझं होतं."

"तुझे त्या दिवशी शंभर फोटो हैत, सगळ्यात तू झकास आलीस. तुझ्या आईचा दुसरा कुठं हाय का, दाखव."

मी अल्बम चाळला. खरंच नव्हता.

चहा गाळता गाळता ती म्हणाली, "गालाला गाल लावा म्हणले असते तर दोघी बी नीट आल्या असत्या. मला येतंय ते. पण तुमी बोलायलात, मी मधी कशी पडू?" मग जरा चाचरत, "तुला नको असंल तर पान बदलून देते. राग न्हाई माझा."

मी पान बदललं नाही. परतताना बसमध्ये अल्बम मांडीवर होता, आणि हुमनाबाद येईपर्यंत मी तेच एक पान उघडून बघत होते. सासूबाई बरेच दिवस कुरकुरल्या. पुढं मात्र आल्यागेल्याला त्याच दाखवायला लागल्या, "ही आमची विहीण. किती सोसलंय बघा बाईनं." आईला मी तो फोटो खजुरीला नेऊन दाखवला. रेशन कार्डावरच्या फोटोखेरीज तिनं स्वतःचा फोटो कधी बघितला नव्हता. बराच वेळ बघून म्हणाली, "मी अशी दिसते व्हय?... डोळे माझ्या आईवानी हैत."

तिथून अक्काची आणि माझी मैत्री सुरू झाली ती झालीच. सुट्टीत मी तिच्याबरोबर लग्नांना जायचे. ती काम कसं करते हे बघत बसायला मला आवडायचं. नवरीला "हस" असं ती कधी म्हणाली नाही. आधी नाव विचारायची, मग सकाळपासून काही खाल्लंस का ते विचारायची. बऱ्याच मुली उपाशी असायच्या. मग अक्का कुणाकडून तरी चहा-बिस्कीट मागवायची आणि ती खात असतानाच मागं सरकत सरकत पंच्याऐंशीच्या लेन्सनं तिचा फोटो घ्यायची. चुकायचीही. निर्ण्याला तिच्या मावसबहिणीच्या लग्नात त्रिशरण-पंचशील चालू असताना नवरीऐवजी पुढच्या मेणबत्तीवरच फोकस बसला आणि सगळे फोटो वाया गेले. तिनं घरी जाऊन तसं सांगितलं, माफी मागितली आणि बहिणीला पुन्हा तीच साडी नेसवून दारात बसवून फोटो काढले.

आईचा प्रश्न मात्र तिनं प्रत्येक लग्नात विचारला. नवरीची आई कुठाय? नवऱ्याची आई कुठाय? दोन ठिकाणी तिला "तुमचं काम करा, न्हाई तर निघा" असं ऐकावं लागलं. एका ठिकाणाहून ती खरंच निघून आली. मी म्हणाले, "अक्का, एवढं कामून लावून घेता?" तर म्हणाली, "आमच्यात माझ्या विधवा आजीनं माझ्या आईच्या लग्नात पहिलं फूल वाहिलं. मला ते नॉर्मल वाटतंय, मी काय करू?"

मूत्रपिंडं निकामी होऊन डायलिसिस सुरू झालं आणि शेवटचं वर्षभर कॅमेरा तिला पेलवेना. गेल्या दिवाळीनंतर मी आईला घेऊन भेटायला गेले. आईनं ज्वारीच्या लाह्या, शेंगदाण्याची पोळी असं काय काय बांधून आणलं होतं. अक्का हसली, "मावशी, ह्यातलं मला काहीच चालत न्हाई."

"मग वास तरी घे," आई म्हणाली. अक्कानं खरंच डबा नाकाशी धरला आणि डोळे मिटले. निघताना आईनं तिच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. तीच शेवटची भेट.

अक्कामुळं आई बदलली, असं मी आजवर कुणाला सांगितलं नाही, कारण तसं झालंच नव्हतं. फोटो तिनं जपून ठेवला, पण कुठल्याही लग्नात ती मागच्याच रांगेत बसायची, अक्षता पडल्या की जेवून निघायची. इतक्या वर्षांत मीही आग्रह सोडून दिला होता.

अक्का गेल्याचं मी आईला सांगितलं होतं. गेल्या रविवारी आळंदला काकाच्या नातीचं लग्न झालं. मंगलाष्टकं सुरू झाली. मी बघते तर आईची खुर्ची रिकामी. ती मूठभर अक्षता घेऊन बायकांमधून वाट काढत थेट स्टेजवर चढली आणि नवरीच्या शेजारी जाऊन उभी राहिली. कुणी काही बोलायच्या आत फोटोग्राफरच ओरडला, "आजी, जरा बाजूला व्हा, तुमी फोटोत यायलाव."

आईनं पदर डोक्यावर नीट घेतला.

"येऊ दे की," ती म्हणाली. "काढ."