पनामाची करोडगिरी

बार्शीहून बायकोला घेतलेलं कोरं लुगडं निजामाच्या नाक्यावर करोडगिरीची जकात न भरता न्यावं म्हणून मी ते फेट्यासारखं बांधलं. जरीचा पदर मात्र पाठीवर लोंबत राहिला. परंड्याच्या अलीकडं मोटार थांबली. नाकेदार पदराकडं बघायला लागला, तसा शेजारी बसलेला, बोटीवर खलाशी होतो असं वाटेत सांगणारा अनोळखी म्हातारा तंबाखू मळत त्याला म्हणाला, "साहेब, पनामाच्या कालव्यात जहाजं पाण्याच्या पायऱ्या चढत्यात. लोक लांबून बघाया येत्यात!"

"तिथं करोडगिरी हाय का?" नाकेदारानं विचारलं.

"व्हय की! पर जहाज मोजत्यात, मुंडासं सोडाया लावत न्हाईत."

नाकेदार पोट धरून हसला आणि मोटार सोडली. खलाशानं माझा पदर आत खोचला.

घरी सगळी हकीकत ऐकून बायकोनं लुगडं हुंगलं. "डोक्याच्या तेलानं माखलंय सगळं. आता धुवायला पनामालाच न्या!"