खळ्यात उभा राहून वाचणारा पोस्टमन

“आवाज येता मा?” असं विचारल्याशिवाय त्याने कधी कुणाचं पत्र वाचलं नाही. खळ्यात, म्हणजे अंगणात, तुळशीपासून चार हात लांब उभा राहायचा आणि असा सूर लावायचा की अख्खी वाडी हातातली कामं टाकून ऐके.

तो राखीव जागेवर लागलेला, महारवाड्यातला. ओटीवर त्याला घेणार कोण? पण मुंबईची पत्रं यायची बायकांना, आणि ती वाचून घ्यायची तर त्याच्याकडूनच. एकदा एका सुनेला नवऱ्याने लिहिलं होतं, ‘हे आईला कळू देऊ नको.’ तेही याने खणखणीत वाचलं. आई बाजूलाच कोकमं फोडत बसलेली! पुढे महिनाभर त्या घरात काय रामायण झालं, ते तुम्हीच समजा.

“हळू वाच रे मेल्या!” एकदा एक म्हातारी त्याच्यावर ओरडली.

“लांबसून हळू कसा वाचू? ओटयेर घेवा, कानात सांगतंय.”

मी त्याच पोस्टात कारकून, पण पत्र आल्या आल्या ऐकायचं म्हणून माझी आईही ते त्याच्याकडूनच वाचून घ्यायची. खरं सांगतो, माझा त्याच्यावर राग होता. ती जागा माझ्या धाकट्या भावाला मिळायची. मॅट्रिकला त्याला अकरा मार्क जास्त होते. भाऊ शेवटी मुंबईला गिरणीत चिकटला. “हा कुठला न्याय?” एकदा मी त्याला सुनावलंच. त्याने टपाल लावता लावता वरही बघितलं नाही.

“तुमचो भाव वर्गात बसा. माका मास्तरान पडवेत बसयल्यान. थयसून अर्दोच फळो दिसा. अर्द्या फळ्यावर पास झालंय मी. आता ते अकरा मार्क कोणाचे, तां तुमीच सांगा.”

मी अधिकच चिडलो. हा लोकांची गुपितं फोडतो, याला काढा, असा अर्ज मीच लिहिला आणि वाडीकडून अंगठे घेतले. त्याची नोकरी अजून कच्ची होती. एवढा अर्ज पुरे होता.

चौकशीला साहेब आले ते आमच्याच खळ्यात. त्यांनी अर्ज त्याच्या हातात दिला. त्याने तो वाचला आणि शुद्ध मराठीत म्हणाला, “साहेब, नोकरी गेली तरी चालेल, पण लांबून हळू वाचणार नाही. ज्याला गुपित राखायचं त्याने मला ओटीवर बोलवावं.”

 तेव्हा माझी आईच म्हणाली, “ये रे बाबा, वर ये. माझ्या मुंबयच्या झिलाचा पत्र गावान कित्याक ऐकूचा?”

“आज नाय, आये. आज सायब आसत. उद्या बोलव.”

साहेब हसले आणि अर्ज तिथेच निकालात काढला.

दुसऱ्या दिवशी आईने खरंच हाक मारली. वहाणा खळ्यात काढून तो ओटीवर चढला, आईजवळ बसला, हळू आवाजात भावाचं पत्र वाचलं. उतरताना माझ्यापाशी थांबला.

“अर्ज बरो लिवलात, अण्णा. रोज पत्रां वाटतंय, अक्षर ओळखूक येता माका.”

मी विचारलं, “मग साहेबांना का नाही सांगितलंस?”

“कशाक? तुमची नोकरी नको माका. माका माझी व्हयी.”

पुढे त्याची फोंडाघाटाला बदली झाली. तोवर तीन वर्षं रोज सकाळी मी त्याच्या हातात टपाल दिलं. आता तो नाही, आणि माफी मागायची राहिली ती राहिलीच.