चार मालक, एकच पत्ता

कंपनी विकली जाते तेव्हा आधी यादी होते. खुर्च्या किती, टेबलं किती, पंखे किती, त्यातले फिरणारे किती. आमची कंपनी तीनदा विकली गेली आणि तिन्ही वेळा यादी मी केली. किस्से धरायला यादीत रकाना नव्हता. त्यामुळे ते कुठल्याच मालकाच्या ताब्यात गेले नाहीत, आणि मी निवृत्त झालो तेव्हा माझ्याबरोबर घरी आले. संध्याकाळी बागेतल्या बाकावर मंडळी जमली की एकेक निघतो. परवा एकजण म्हणाला, कांबळे, आता लिहून काढा, दर वेळी थोडे थोडे वाढायला लागलेत.

कंपनीचं नाव सांगत नाही. चार मालकांनी चार नावं दिली. एक सांगितलं तर बाकीचे तिघे रुसायचे. धंदा मात्र शेवटपर्यंत एकच: लोकांची मतं गोळा करायचं सॉफ्टवेअर. समजा, एखाद्या साबणवाल्याला विचारायचंय की साबण आवडला का. तो प्रश्न आमच्या सॉफ्टवेअरमध्ये घालायचा, लोक आपापल्या कॉम्प्युटरवर उत्तरं देतात आणि शेवटी एक रंगीत गोल तयार होतो. त्या गोलाच्या फोडी बघून साहेब लोक निर्णय घेतात. निर्णय त्यांनी आधीच घेतलेला असतो, पण गोल जवळ असला की बरं वाटतं.

हे सगळं सुरू केलं सुकुमार मगदूमनं. वडिलांची कोल्हापुरात गुळाची पेढी, पिढ्यान् पिढ्यांचं जैन व्यापारी घर. पोरगा इंजिनियर होऊन परत आला आणि पेढीवर बसणार नाही म्हणाला. मी ज्या सहकारी संस्थेत कारकून होतो तिला नुकतंच कुलूप लागलं होतं. सुकुमारनं मला विचारलं, "काका, तुम्हाला कॉम्प्युटर येतो?" मी म्हणालो, नाही. तो म्हणाला, "बरं झालं. मग तुम्ही ऑफिस बघा."

* * *

सुरुवातीला इंटरनेट नव्हतं, कागद होता. छापील फॉर्म घेऊन घरोघर जायचं, उत्तरं भरून आणायची आणि कॉम्प्युटरवर चढवायची. हिंडायचं काम सर्जेरावकडे. सर्जेराव मुरगूडचा. आवाज असा, की टेलिफोन खात्याची त्याला गरज नव्हती.

कपडे धुण्याच्या एका पावडरीसाठी तो उचगावात आठवडाभर फिरला. फॉर्ममध्ये तीनच चौकोन होते: अतिशय समाधानी, समाधानी, असमाधानी. फॉर्म परत आले तर सगळे चौकोन कोरे, आणि प्रत्येकाच्या समासात सर्जेरावच्या अक्षरात एकच शब्द: चाललंय.

सुकुमार चिडला. तिन्हींपैकी एकावर खूण करायला काय झालं होतं?

सर्जेराव म्हणाला, "बायका म्हणत्यात, चाललंय. आता त्यात समाधान मी कुठनं आणू?"

सुकुमारनं दोन दिवस विचार केला आणि चौथा चौकोन वाढवला. रिपोर्ट गेला तेव्हा निम्म्याहून अधिक गाव त्या चौकोनात बसलं होतं. मुंबईहून पावडरवाल्यांच्या साहेबांचा फोन आला, की हे चांगलं समजायचं की वाईट? सुकुमारनं सर्जेरावला विचारलं. तो म्हणाला, "चाललंय म्हणजे चाललंय की." सुकुमारनं हेच इंग्रजीत दोन पानं करून पाठवलं. पुढच्या वर्षीचं कामही आम्हालाच मिळालं.

* * *

मग इंटरनेट आलं. म्हणजे आमच्या ऑफिसात आलं, बाकी कुठे फारसं नाही. यात्रा काढणाऱ्या एका कंपनीला जोतिबावरच्या दुकानदारांची आणि भाविकांची मतं हवी होती, आणि ती ऑनलाइनच हवी होती. जोतिबाच्या डोंगरावर तेव्हा कुणी माऊस पाहिला असलाच तर तो पोत्यांमागे.

सुकुमारनं तोड काढली. सर्जेरावनं छापील प्रश्न घेऊन डोंगरावर जायचं, उत्तरं आणायची आणि ऑफिसात बसून एकेकाच्या नावानं इंटरनेटवर भरायची. तसं झालं. गोलही छान आला.

घोटाळा एवढाच, की कुठल्या वेळी किती उत्तरं आली याचाही आलेख आमचं सॉफ्टवेअर काढायचं. यात्रा कंपनीच्या साहेबांनी तो बारकाईनं पाहिला. त्यांचा फोन आला: जोतिबावर लोक सकाळी दहाला इंटरनेटवर येतात, साडेपाचला जातात, हे समजलं. पण एक ते दोन सगळा डोंगर बंद कसा?

सुकुमारनं फोनवर हात ठेवून सर्जेरावकडे पाहिलं.

सर्जेराव म्हणाला, "जेवतो की मी."

सुकुमारनं हात काढला आणि अत्यंत शांतपणे सांगितलं, "साहेब, ती नैवेद्याची वेळ."

* * *

आता वंदनाबद्दल सांगायला हवं. ती उचगावची सून. टायपिंगसाठी आली होती. दोन वर्षांत सॉफ्टवेअर लिहायला लागली आणि पाच वर्षांत अशी वेळ आली, की त्यातलं अर्धं तिच्याच डोक्यात होतं आणि उरलेलं अर्धं कुठे आहे हेही तिलाच ठाऊक होतं. नवरा फाउंड्रीत. सासरे अर्धांगानं अंथरुणाला खिळलेले. त्यांचं सकाळचं सगळं आवरून ती यायची आणि परत जाऊन संध्याकाळचं बघायची. त्या घराचं घड्याळ तिच्यावर चालायचं.

ऑफिस होतं पेढीच्या गोदामावर. खाली गूळ, वर सर्व्हर. साहजिकच मुंग्या वर यायच्या. उबेला म्हणून मशीनमध्ये शिरायच्या आणि मग मशीन बंद पडायचं. इंजिनियर मंडळींनी बरंच डोकं चालवलं. शेवटी वंदनानं घरून हळद आणली आणि सर्व्हरभोवती रेघ ओढली. मुंग्या थांबल्या.

त्याच सुमारास मुंबईची एक कंपनी आम्हाला विकत घ्यायला निघाली. त्यांचे साहेब पाहणीला आले. सर्व्हरपुढे उभे राहून हळदीकडे बराच वेळ बघत राहिले, मग विचारलं, हे काय? वंदना म्हणाली, "मुंग्यांसाठी." साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. पुढे त्यांच्या अहवालाची प्रत फाइलला लावायला माझ्याकडे आली. त्यात एक वाक्य होतं: कर्मचारी श्रद्धाळू असून प्राणिमात्रांची पूजा करतात.

सौदा झाला. सुकुमारनं एकच अट घातली, की ऑफिस कोल्हापुरातून हलवायचं नाही. त्यांनी ती लिहून दिली: 'आम्ही मालक असेपर्यंत'. कारकुनी सवयीनं मी ते वाक्य दोनदा वाचलं आणि फाइलला लावलं. पण वंदनानंही वाचलं होतं. टेबलाशी येऊन म्हणाली, "काका, आणि त्यांनी विकली तर?"

तेव्हापासून कंपनी विकायची कुणकुण लागली की बाकीचे पगारवाढीचं विचारायचे, वंदना एवढंच विचारायची: ऑफिस हलणार का? हललं तर पुण्यालाच, असं सगळे धरून चालायचे. बाकीच्यांना पुणं म्हणजे बदली. तिला पुणं म्हणजे नोकरी सुटणं.

* * *

आणि त्यांनी विकलीच. तिसरे मालक अमेरिकन. ते कधी दिसले नाहीत. टेबलावर ठेवलेल्या फोनमधून नुसते ऐकू यायचे. ऑफिस हलवण्याचा विषय त्यांनी काढला नाही. कोल्हापूर कुठे आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, त्यामुळे ते चुकीच्या ठिकाणी आहे असंही त्यांना कधी वाटलं नाही.

त्यांनी नियम आणला: ग्राहकाची अडचण सोडवली, की ग्राहकानं मदत करणाऱ्याला पाचपैकी मार्क द्यायचे. परदेशी ग्राहकांचे फोन सर्जेराव घ्यायचा. अडचणी सोडवण्यात तो पटाईत, पण बोलणं ऐकून ग्राहक जरा दचकायचे. पहिल्या महिन्यात त्याला बरेच तीन पडले.

सर्जेरावनं तीन देणाऱ्यांची यादी काढली आणि एकेकाला फोन लावला. पहिला फोन एका परदेशी प्राध्यापक बाईंना. "मॅडम, सर्जेराव स्पीकिंग. यू गिव्हन मी थ्री. व्हाय थ्री? व्हॉट आय डन?"

बाईंनी बिचारीनं माफी मागितली आणि चार केले. सर्जेरावनं थँक्यू म्हटलं, पण फोन ठेवला नाही. नुसता धरून बसला. मिनिटभरानं बाईंनी पाच केले.

सहा महिन्यांत आमचं ऑफिस जगभरातल्या त्यांच्या सगळ्या ऑफिसांत पहिलं आलं. अमेरिकेहून एक ढाल आली आणि बरोबर पत्र, की तुमची पद्धत इतरांनाही लिहून कळवा. ते काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं: आम्ही ग्राहकाशी जिव्हाळ्याचे संबंध ठेवतो.

* * *

मालक बदलला की पगाराच्या चिठ्ठीवरचं नाव बदलायचं. माझी खुर्ची तीच, खिडकी तीच, खालून येणारा गुळाचा वासही तोच. एकदा कर्जाच्या अर्जाला जुन्या चिठ्ठ्या जोडायच्या होत्या. बँकेतल्या तरुण मुलीनं त्या चाळल्या, माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "काका, या वयात इतक्या नोकऱ्या बदलू नयेत. एका जागी बसायची सवय लावा."

* * *

चौथा मालक माणूस नव्हताच, फंड होता. फंड म्हणजे कंपन्या घ्यायच्या, घासूनपुसून लख्ख करायच्या आणि पुढे विकायच्या. घासण्याचं काम दीक्षित साहेबांकडे होतं. ते पुण्याचे. सुकुमार तोवर पेढीवर परत गेला होता, त्यामुळे अट घालायलाही कुणी उरलं नव्हतं.

दीक्षित माणूस सभ्य. स्वतः आले, पेढ्यांचा पुडा घेऊन आले आणि आम्हा एकतीस जणांना उभं राहून सांगितलं, की पुण्यात काचेच्या इमारतीत एक अख्खा मजला पाहिला आहे. कोल्हापूरचं ऑफिस महिनाअखेर बंद होईल. मात्र कुणावर सक्ती नाही, प्रत्येकाला विचारूनच काय ते ठरेल. विचारायला आपलंच सॉफ्टवेअर आहे. प्रश्न एक: आपण पुण्याला येणार का? चौकोन दोन: हो आणि नाही. 'नाही' म्हणणाऱ्यांना महिन्याच्या शेवटी नारळ. मग पुडा प्रत्येकापुढे धरत म्हणाले, "या हं सगळ्यांनी. वाट बघतो."

दुपारी वंदना माझ्या टेबलाशी आली. 'नाही' लिहावं तर महिनाअखेर घरी बसायचं, आणि 'हो' लिहावं तर सासऱ्यांना... मला निवृत्तीला तीन महिने उरले होते. त्या वयात सल्ला देणं फार सोपं असतं, म्हणून मी दिला नाही. ती परत गेली आणि तिनं बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी गोल आला. त्याला फोडच नव्हती. एकतीसपैकी एकतीस 'हो'. तीन म्हशी बांधून असलेल्या सर्जेरावचाही 'हो'. माझाही. दीक्षित म्हणाले, इतक्या वर्षांच्या नोकरीत मी असा सबंध गोल पाहिला नाही.

पुण्याचा मजला घेतला. टेबलं लागली, प्रत्येक टेबलावर नावाची पाटी लागली. ठरल्या सोमवारी दीक्षित सकाळपासून फुलं घेऊन दारात उभे. दुपारपर्यंत कुणीच आलं नाही.

त्यांनी सर्जेरावला फोन लावला. सर्जेराव म्हणाला, "निघतोच की साहेब. म्हस व्यायला झालीया, तेवढी मोकळी झाली की आलोच." दुसऱ्याकडे पावणे आले होते. तिसऱ्याच्या गावची जत्रा तोंडावर होती. येत नाही असं एकानंही म्हटलं नाही. सगळ्यांनी साहेबांची तब्येत विचारली, मजल्यावर वारा येतो का विचारलं आणि येतो की म्हणून फोन ठेवला. इकडे कोल्हापूरचं ऑफिस रोज दहाला उघडत होतं आणि काम नेहमीसारखं चालू होतं. ऑफिस बंद करायला माणसं नुसती निघायची बाकी होती.

फंडाच्या वकिलांनीही हात टेकले. कारवाई करायची कुणावर? सगळ्यांनी लेखी होकार दिलेला. पुण्यात चार नवी मुलं नेमून पाहिली, पण ती दर अर्ध्या तासाला वंदनाला फोन करायची.

दोन महिन्यांनी दीक्षित पुन्हा कोल्हापूरला आले. या वेळी पेढे नव्हते. सरळ वंदनाच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसले. मी शेजारीच होतो, हलवायच्या सामानाची यादी घेऊन.

"वंदनाताई, तुम्ही 'हो' लिहिलं होतं."

"हो."

"मग आला का नाहीत?"

वंदना म्हणाली, "साहेब, तुम्ही एवढं स्वतः येऊन बोलावलंत. हातावर पेढा ठेवलात. तोंडावर नाही कसं म्हणायचं?"

दीक्षितांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आणि मग, त्यांचा मोठेपणा म्हणायचा, शाळेतल्या मुलासारखं विचारलं, "मग मी विचारायला कसं हवं होतं?"

हा तर वंदनाच्या धंद्यातला प्रश्न. ती लगेच म्हणाली, "'येणार का' असं विचारूच नये साहेब. त्याला आपल्याकडं कुणीपण हो म्हणतंय. 'कधी निघणार' असं विचारायचं, आणि पुढं तारीख-वेळ लिहायला जागा सोडायची."

दीक्षितांनी खिशातून पेन काढलं, माझ्या यादीतला एक कोरा कागद मागून घेतला आणि गुडघ्यावर धरला.

"ठीक आहे. मग सांगा, कधी निघणार?"

वंदनानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"पाच चाळीसला. उचगावची बस असते."