मानाचा बैल

त्या वर्षी माझा रामावर राग होता. सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपूरहून बदली होऊन मी रामटेकजवळच्या गुरांच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणून आलो होतो. आदल्या पोळ्याला मी एका बैलाची जखम शिवत बसलो आणि मागे उभी असलेली गाय पोट फुगून मुकाट्याने मेली. दवाखान्याच्या अंगणातून गडावरचं राममंदिर दिसायचं. त्या दिवसापासून मी खुर्चीच फिरवून घेतली. रुसलो होतो म्हणा ना.

पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे आमची परीक्षा. लाडापायी लोक बैलांना पुरणपोळ्या आणि ज्वारी पोट फुगेपर्यंत खाऊ घालतात, तोरण तुटून पोळा फुटताना बैल बिथरतात, शिंगं लागतात. सकाळीच अंगण भरलं. आणि रांग कशी, तर कोण आधी आलं याचा पत्ता नाही! काल तोरणाखाली ज्या मानाने जोड्या उभ्या होत्या, त्याच मानाने लोक दवाखान्यातही उभे राहिले होते. पहिला पाटलांचा बैल. शिंग मोडलेलं, रक्त गळतंय आणि ओरडून त्याने गाव डोक्यावर घेतलेलं. सगळ्यात शेवटी बायजाबाईचा ढवळ्या. या विधवा बाईचं सगळं घर त्या एका बैलावर उभं होतं. तीही गप्प, बैलही गप्प. माझं तिकडे लक्षच गेलं नाही.

मी पाटलांच्या बैलासाठी सुई उचलली. तेवढ्यात गडावर निघालेला एक म्हातारा पाणी प्यायला आत आला आणि सहज बोलल्यासारखा म्हणाला, "साहेब, जो बोंबलून राहिला त्याच्यात दम हाय. तो मांगचा चूप हाय, त्याले पाहा."

माझा हात थांबला. धावत मागे गेलो. ढवळ्याची डावी कूस नगाऱ्यासारखी टणक, जीभ बाहेर. पुन्हा तीच गाय डोळ्यांपुढे आली. लोक कुजबुजले, पाटलांचा मान मोडणार काय? खरं सांगतो, मी घाबरलो. वर्षभराने पहिल्यांदा गडाकडे पाहिलं आणि म्हटलं, रामा, आता तूच सांभाळ. मग पाटलांना स्पष्ट सांगितलं की तुमचा बैल दुपारपर्यंतही थांबेल, हा मात्र माझं बोलणं संपेपर्यंत थांबणार नाही.

 पाटलांनी डोक्याचा फेटा सोडून आपल्या बैलाच्या शिंगाला बांधला, मागे येऊन ढवळ्याची वेसण धरली आणि म्हणाले, "मानाचं मंग पाहू गा. आधी जीव."

मी डाव्या कुशीत नळी खुपसली. कोंडलेला वारा फुसफुसत बाहेर आला. थोड्या वेळाने ढवळ्याने कान हलवले आणि बायजाबाई त्याच्या गळ्यात पडून रडली. मलाही रडू आलं, लपवलं नाही. मग रांग मी लावली, ज्याच्यात दम कमी तो आधी. त्या दिवशी एकही जनावर दगावलं नाही.

म्हाताऱ्याला शोधलं तर लोटा पालथा घालून तो निघून गेला होता. तो कोण होता यावर मी वाद घालत नाही. गडावर जाणारे म्हातारे रोजचेच. पण सगळं आपल्यालाच दिसलं पाहिजे, हे ओझं त्या सकाळी मी खाली ठेवलं. दाखवणारा असतो, आपण वळून पाहायचं. मी खुर्ची पुन्हा गडाकडे फिरवली.

पुढच्या पोळ्याला पाटलांनी ढवळ्याला स्वतः तोरणाखाली पुढे आणलं. आणि दवाखान्यात? तिथे आता लोकच एकमेकांना विचारत, "आज मान कोनाचा गा?" आणि सगळ्यात गप्प जनावराला वाट करून देत.