क्लॅरिओनेटसाठी घासलेले दात

आणीबाणी उठली त्या वर्षी, लग्नसराईला दीड महिना उरला असताना, द्वारका चौकात माझी सायकल घसरली आणि वरचे समोरचे दोन दात गेले. मी बँडमध्ये क्लॅरिओनेट वाजवायचो. हे वाद्य वरच्या दातांना टेकवूनच फुंकावं लागतं. घरी आलो आणि सुजलेल्या ओठांनीच फुंकून पाहिलं. नुसती हवा आणि रक्त. मी कोपऱ्यात बसून रडलो. बायकोला वाटलं, दुखतंय म्हणून.

दाताचे डॉक्टर म्हणाले, "काढता-घालता येणारे दात फुंकताना हलतील. पक्का ब्रिज बसवावा लागेल. पण त्याला आधार म्हणून दोन्ही बाजूंचे चांगले दात घासून खुंटाएवढे करावे लागतील. एकदा घासले की संपलं."

बायको म्हणाली, "दोन गेले ते गेले. आता धडधाकट दातही मारायचे? दुसरं काही वाजवा की."

दुसरं काय, ते मला माहीत होतं. आमच्या बँडमधले एक म्हातारे काका पूर्वी क्लॅरिओनेटच वाजवत. दात पडल्यावर त्यांच्या हातात झांजा आल्या. चांगले दात घासून घेऊ का, हे मी त्यांना विचारायला गेलो.

"कवळी घालून आठ दिवस फुंकलं रे," ते म्हणाले. "सूरच धरेना. मला तेव्हा कुणी असं सांगितलं असतं, तर चार दात घासून घेतले असते."

मी घासून घेतले. इंजेक्शनची बधिरता उतरली, जीभ त्या दोन खुंटांवर गेली आणि वाटलं, आपण हे काय करून बसलो. ब्रिज बनवायला माप मुंबईला गेलं होतं. पंधरा दिवस वरणभातावर काढले. तेवढ्यात बँडमास्तरांनी माझ्या जागी मालेगावचा एक वादक आणला.

ब्रिज बसला. आठ दिवस थांबायला सांगितलं होतं. मी चौथ्याच दिवशी फुंकलं. सूर निघाला, पण माझा वाटेना. पूर्वी त्याची थरथर दातांतून थेट डोक्यात चढायची. आता तिथे काहीच नव्हतं. मी वेड्यासारखा तोच सूर दम लागेपर्यंत फुंकत राहिलो.

बायको दारात उभी होती. म्हणाली, "मला तर पहिल्यासारखाच ऐकू येतोय हो."

मास्तरांनी मला मागच्या रांगेत घेतलं. पहिली वरात ओझरला होती. लोक नाचत होते आणि मी दर कडव्यानंतर जिभेने ब्रिज चाचपत होतो. तो हलला नाही. पुढची अकरा वर्षंही हलला नाही. ती थरथर मात्र परत आली नाही. मी नुसत्या कानांच्या भरवशावर वाजवत राहिलो.