नाव घेईपर्यंत थांब

रत्नप्रभाबाईंनी चंदीगडमध्ये केंद्र सरकारच्या एका कार्यालयात एकोणतीस वर्षं लघुलेखिका म्हणून काढली. साहेब आले आणि बदलून गेले, बाई मात्र साताऱ्याहून एकदा आल्या त्या इथल्याच झाल्या. निवृत्तीनंतर सेक्टर बावीसमधल्या घरात गप्प बसणं त्यांना काही जमेना. बदलीवर आलेल्या घरांतली मुलं मराठी समजतात आणि उत्तर हिंदीत देतात, याचा त्यांना मनस्वी राग. म्हणून दर रविवारी दहा वाजता त्या संगणकावरून मराठीचा वर्ग घेऊ लागल्या. मुलं नऊ, फी नाही आणि दांडी मारायची सोय नाही.

मग उजवा हात थरथरायला लागला. औषधाने आवरेल, पण पुरता थांबणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाईंनी मुलांना याचा पत्ता लागू दिला नाही. मोहालीत सॉफ्टवेअर कंपनीत असलेल्या सर्वेशला, म्हणजे स्वतःच्या मुलालाही निम्मंच सांगितलं. माउसचं बटण दाबताना हात जरा सरकतो, एवढंच.

सर्वेशने एका शनिवारी बसून आईच्या डेस्कटॉपवर नऊ नावांची एक उभी पट्टी तयार केली. त्यामागची स्क्रिप्टही, म्हणजे पट्टी चालवणारा छोटा प्रोग्रामही, त्यानेच लिहिला. बटण दाबायचंच नाही, माउसचा बाण नावावर नेला की त्या मुलाची वही, म्हणजे त्याच्या लिखाणाची फाइल, पडद्यावर हजर. स्वतःच्या स्थिर हाताने चालवून दाखवत तो खूश झाला. संगणकवाल्यांना वेगाचं भारी कौतुक. त्याचं लक्ष पडद्यावर असताना बाईंचा हात पहिल्याच नावावर अडखळला होता, पण पोराने सुट्टीचा दिवस खर्ची घातला म्हणून त्या छान आहे म्हणाल्या. ही भीड त्यांना चांगलीच नडली.

रविवारी आपला पडदा सगळ्या मुलांना दाखवत त्या आदित्यची वही उघडायला गेल्या आणि बाण वाटेत ऋताच्या नावावर थरथरत राहिला. दहा वर्षांच्या ऋताचा निबंध, लाल खुणांनी भरलेला, सगळ्यांसमोर उघडला. बाई बाण हलवायला गेल्या तसा हात जास्तच कापू लागला. निबंध जाई आणि पुन्हा येई. मुलं हसली. ऋताने कॅमेरा बंद केला.

बाईंनी वर्ग आवरता घेतला. दुपारी ऋताच्या आईचा फोन आला, मुलगी आता यायला नाही म्हणते. बाईंच्या जिवाला ते फार लागलं. संध्याकाळी सर्वेश आला तेव्हा त्यांनी वर्ग बंद करत असल्याचं सांगून टाकलं. स्क्रिप्टमध्ये काही चुकलं असेल, मी बघतो, असं तो म्हणायला लागला. बाईंनी त्याच्यासमोर माउसवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. सर्वेशने आईचा हात असा कापताना पहिल्यांदाच पाहिला.

त्याने खुर्ची पुढे ओढली. नावावर आल्यावर अर्धा सेकंद थांबून वही उघडावी, अशी त्याने स्क्रिप्टमध्ये सोय केली. बाईंनी करून पाहिलं. वाटेतल्या सगळ्या वह्या आता एकामागून एक उघडू लागल्या. आधी झटपट होणारा गोंधळ आता सावकाश होऊ लागला, एवढाच काय तो फरक.

"हे थांबतं खरं, पण मागे घेत नाही," बाई म्हणाल्या. "साहेबांनी शब्द मागे घेतला की मी खोडायची. बाण नावावरून गेला की हुकूम रद्द व्हायला हवा."

सर्वेशने कपाळावर हात मारला आणि तसं केलं. थरथरता बाण आतच राहावा म्हणून नावांच्या चौकटीही रुंद केल्या. मग किती थांबायचं हा प्रश्न आला. हजेरी घेताना एक नाव नीट उच्चारायला लागतो तेवढा वेळ, असं बाईंनी ठरवलं. त्याने मोबाइलवर मोजला, तो एक सेकंद भरला. संगणकाने एवढं थांबणं त्याला अजागळपणाचं वाटत होतं, तरी मुकाट्याने त्याने त्या एका सेकंदाचे हजार मिलिसेकंद लिहिले. आकडा कुठल्या ओळीत आहे, हे बाईंनी त्याच्याकडून दाखवून घेतलं.

मग त्यांनी ऋताला फोन लावला आणि तिची माफी मागितली. "तुझ्या चुका सगळ्यांनी पाहिल्या, तर रविवारी माझा हात सगळ्यांना दाखवते," त्या म्हणाल्या. आणि त्यांनी खरंच दाखवला, कॅमेऱ्यासमोर धरून. कुणी हसलं नाही. ऋता आली होती. बाई बाण नावावर धरून एकेकाला पुकारत गेल्या आणि नाव संपता संपता त्याची वही उघडत गेली.

चार महिन्यांनी त्यांनी सर्वेशला फोन केला. सकाळी स्क्रिप्ट उघडून हजाराचे बाराशे केले, असं सांगितलं. आकडा का वाढला हे सर्वेशला विचारावं लागलं नाही.

"ऐकतोयस ना?" बाई म्हणाल्या. "पट्टीत दहावं नाव कसं घालायचं ते सांग. नवीन मुलगी आली आहे."